घाबरत घाबरत स्कूबाला निघालेल्या पुणेकरांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात तरण तलावात स्कूबाचे पहिले धडे देते आणि ऑक्टोबर ते मे या काळात छोटे गट घेऊन मालवण-तारकर्लीला जाते. निघायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत फोन सुरू होतात. फोन करणारे बहुतेक जण आवाज खाली घेऊन बोलतात, जणू भीती वाटणं म्हणजे काही लपवायची गोष्ट आहे. त्या फोनवर येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

मला खूप भीती वाटते. म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच, असं समजू का?

नाही. माणूस पाण्यात श्वास घेऊ शकत नाही हे तुमच्या शरीराला लहानपणापासून पक्कं माहीत आहे. तोंडात रबरी तुकडा धरून पाण्याखाली जायचं म्हटल्यावर त्याने विरोध केला, तर ते शरीर नीट काम करतं आहे. पहिल्या वेळी अजिबात न घाबरणाऱ्या माणसाचीच मला जास्त काळजी वाटते, कारण तो सूचना अर्धवट ऐकतो. घाबरणारा एकेक शब्द लक्षात ठेवतो.

पण एक गोष्ट आत्ताच पक्की करून ठेवा. डाइव्ह कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने रद्द करू शकतं आणि कारण सांगावं लागत नाही. हॉटेलवर, होडीत, पाण्यात उतरल्यावर, दोन मीटर खाली गेल्यावर, कुठेही. डायव्हर लोकांमधला हा जुना आणि सगळीकडे मानला जाणारा नियम आहे. तुमच्यासोबतच्या दहा जणांना तो माहीत नसेल, तुम्हाला माहीत असू दे.

पोहता येत नाही. चालेल का?

इन्स्ट्रक्टरचा हात धरून करायच्या पहिल्या अनुभवाला, म्हणजे ट्राय डाइव्हला, पोहता येण्याची अट सहसा नसते. तुमचं तरंगणं आणि बुडणं बीसीडी नावाचं हवा भरायचं जाकीट आणि इन्स्ट्रक्टर सांभाळतो. प्रमाणपत्राचा ओपन वॉटर कोर्स करायचा असेल, तर मात्र न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगणं जमलं पाहिजे.

नियमापलीकडचं माझं मत विचाराल, तर न पोहणाऱ्याने आधी महिनाभर तरी पाण्याशी ओळख करून घ्यावी. आपल्याकडे गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मुलांना पाण्यात सोडायचे. डबा सुटला तरी हातपाय मारता येतात हे एकदा कळलं की पोराची भीती निम्मी जायची. टिळक तलाव असो की तुमच्या सोसायटीचा छोटा पूल, गळ्याइतक्या पाण्यात डोकं बुडवून तोंडाने बुडबुडे सोडायला शिकलात तरी मालवणला तुमचा पहिला अर्धा तास वाचेल.

श्वास कसा घ्यायचा? तोंडानेच का?

नाक मास्कच्या आत बंद असतं, म्हणून तोंडाने. याची सवय घरी करता येते. शॉवरखाली चेहऱ्यावर पाणी पडू द्या आणि तोंडाने सावकाश श्वास घेत राहा. सुरुवातीला छाती दचकते, कारण नाकाशी पाणी आलं की श्वास अडवायचा ही उपजत प्रतिक्रिया आहे. चार-पाच दिवसांत ती निवळते. घरात स्नॉर्केल असेल तर कुणाला तरी जवळ बसवून, बादलीत चेहरा बुडवून दोन-दोन मिनिटं श्वास घेऊन बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. स्कूबातल्या दहा नियमांपैकी नऊ विसरलात तरी हा विसरू नका. समुद्राच्या पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, १० मीटर खाली दोन, २० मीटर खाली तीन. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारं उपकरण, तुम्हाला त्या त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर छातीभर घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलात, तर दाब निम्मा होतो आणि ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. ते फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात जाऊ शकतात. छाती भरलेली असेल तर दीड-दोन मीटरवरूनसुद्धा ही इजा होऊ शकते, म्हणून उथळ पाण्यातही सूट नाही. श्वास चालू असेल तर वाढलेली हवा आपोआप बाहेर पडत राहते.

रोज प्राणायाम करणारे बरेच जण माझ्याकडे येतात आणि त्यांना त्याचा फार फायदा होतो, कारण सावकाश पूरक आणि त्याहून लांब रेचक त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. पण त्यांना मी मुद्दाम बाजूला घेऊन सांगते की इथे कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने श्वास घेतल्यावर ते नकळत क्षणभर थांबतात, आणि पाण्यात तो थांबा नको.

सिलिंडरमधला ऑक्सिजन मध्येच संपला तर?

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण आत्ता घेतोय तीच हवा असते. सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपेक्षा खोल घेतला तर विषारी ठरून झटके येऊ शकतात.

संपण्याचा हिशेब तुम्हीच करून बघा. साधारण ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण दाब) भरला की त्यात २२०० लिटर हवा होते. घाबरलेला नवखा माणूस मिनिटाला २५ लिटर हवा घेतो असं धरू. ६ मीटर खोलीवर दाब १.६ पट, म्हणजे खर्च ४० लिटर. ५० बार शिल्लक असताना वर यायचं असं धरलं तरी ४० मिनिटं मिळतात. ट्राय डाइव्ह त्याच्या निम्म्या वेळात आटोपते. शिवाय इन्स्ट्रक्टरकडे त्याचा सिलिंडर आणि त्यावर जादा रेग्युलेटर असतो. हवा येत नाहीये असं वाटलं तर हाताची आडवी पट्टी गळ्यावरून फिरवायची. तो तुम्हाला दुसरा रेग्युलेटर देईल.

उतरण्यापूर्वी काट्यावर किती बार आहेत ते स्वतः वाचा आणि दोन-तीन श्वास घेऊन बघा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर नको म्हणून सांगा.

कानाचं काय? खाली गेल्यावर कान फुटतात असं ऐकलंय.

पहिल्या डाइव्हला होणारा सगळ्यात नेहमीचा त्रास कानाचाच. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

कोकणातून घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. पडद्याच्या आतली पोकळी आणि घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका उघडली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. पाण्यातही हेच होतं, फक्त फार वेगाने. समुद्रकिनाऱ्यापासून ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यापर्यंत येताना हवेचा जेवढा दाब बदलतो, तेवढा पाण्यात पाऊण मीटर उतरायच्या आतच बदलतो. त्यामुळे घाटात जे तासाभरात एक-दोनदा करता, ते पाण्यात दर अर्ध्या-एक मीटरला करायचं.

मास्कच्या मऊ नाकपेटीवरून नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवून नाकातून हलकेच हवा ढकला. कानात ‘टक’ झालं की झालं. काहींना नाक धरून आवंढा गिळला की जास्त सोपं जातं. पहिल्यांदा पृष्ठभागावरच करा आणि मग दुखायच्या *आधी* करत जा. दुखायला लागल्यावर नलिकेचं तोंड दाबाने मिटलेलं असतं. तेव्हा जोर लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरला कान दाखवून हाताचा पंजा डावी-उजवीकडे हलवा, अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा. पाय खाली आणि डोकं वर ठेवून, नांगराची दोरी धरून उतरलात तर कान लवकर मोकळे होतात.

माझ्या पहिल्या डाइव्हला मी हे केलं नव्हतं. ज्यांच्यासोबत गेले होते त्यांनी होडीतच दोन मिनिटांत सूचना उरकल्या होत्या आणि कान दुखला तर काय खूण करायची हे सांगितलंच नव्हतं. सगळे वाट बघताहेत या संकोचाने मी दुखणं सोसत खाली गेले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं आणि पुढचे दहा-बारा दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. कान बरा झाला, पण दुखतंय हे सांगायला लाजल्याची रुखरुख अजून आहे. म्हणून माझ्या गटात कानाची खूण मी प्रत्येकाकडून तीनदा करून घेते.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी किंवा स्प्रे मारून उतरायची युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. औषधाचा असर पाण्याखालीच उतरला तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वर येणंच दुखरं होतं.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर? माझ्या मिशा आहेत. चष्माही आहे.

थोडं पाणी शिरतंच, मिशा असतील तर जरा जास्त. वरच्या कडेवर बोटांनी दाब द्या, नजर किंचित वर न्या, नाकातून सावकाश उच्छ्वास सोडा. हवा पाण्याला खालून बाहेर ढकलते. उथळ पाण्यात पाच-सहा वेळा सराव झाल्याशिवाय खोल जाऊ नका. घाबरण्याच्या अनेक घटनांची सुरुवात नाकात गेलेल्या दोन चमचे पाण्यापासून होते.

चष्म्याच्या दांड्या मास्कखाली बसत नाहीत. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्क भरला तर डोळे मिटा. नंबरचे मास्कही मिळतात, आधी विचारून ठेवा. नंबर फार नसेल तर साध्या मास्कनेही भागतं, पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात.

आणि खाली गेल्यावर खरंच घाबरलो, तर?

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या. भीती वाटली की श्वास भराभर आणि वरवरचे होतात. छातीच्या वरच्या भागातलीच हवा आत-बाहेर होते आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वास घ्यावासा वाटण्याची ऊर्मी मुख्यतः या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. मग सिलिंडर भरलेला असूनही हवा पुरत नाही असं वाटतं, माणूस आणखी भराभर श्वास घेतो, आणि गुदमरल्याची भावना वाढतच जाते. अशा वेळी काहींनी तोंडातला चांगला चालणारा रेग्युलेटर ओढून काढल्याची उदाहरणं आहेत.

हे चक्र उच्छ्वासाने तुटतं. हालचाल पूर्ण थांबवा. दोरी, खडक किंवा इन्स्ट्रक्टरचा हात धरा. मग रेग्युलेटरमधून लांबच लांब उच्छ्वास सोडा, पोट आत जाईपर्यंत. पुढचा श्वास आपोआप खोल येईल. असे चार-पाच झाले की डोकं चालायला लागतं. या वेळात दूर, निळ्या पोकळीत बघू नका. हाताजवळचं काहीतरी बघा, स्वतःची बोटं, दोरीचे पीळ, समोरच्याचे डोळे. मी नवख्यांसमोर चेहऱ्याला चेहरा लावूनच उतरते, त्यांना बघायला डोळे मिळावेत म्हणून.

चार-पाच श्वासांनंतरही नकोच वाटलं, तर अंगठा वर करा. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा होत नाही, ‘मला वर जायचंय’ असा होतो. सगळं ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं. नवखे लोक आनंदाने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना वर घेऊन जातो, असं खूपदा होतं. त्याचं तेव्हा काहीच चुकलेलं नसतं. उलट, अंगठा दिसल्यावरही जो तुम्हाला खाली धरून ठेवतो, तो तुम्हाला नको.

एकटं, झटक्यात, श्वास कोंडून वर पळायचं नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि पूर्ण वेळ श्वास चालू. वर पोहोचलात की आधी बीसीडी फुगवून घ्या, मास्क आणि रेग्युलेटर नंतर काढा.

कोणी जाऊच नये?

गर्भवतींनी नाही. फिट येण्याचा आजार, हृदयविकार, दमा, फुप्फुसाची जुनी इजा किंवा शस्त्रक्रिया, कानाच्या पडद्याला भोक, कानाची शस्त्रक्रिया, वारंवार पॅनिक अटॅक, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. वय ४५ च्या पुढे असेल आणि धूम्रपान, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काही असेल तरी आधी डॉक्टर. मासिक पाळीत डाइव्ह करायला हरकत नाही.

होडीत चढण्यापूर्वी आजारांबद्दलचा एक फॉर्म भरायला देतात. तिथे सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकायची घाई असते, शेजारचा तेच सांगतो. लहानपणी दमा होता, आता त्रास नाही, कशाला लिहायचं? लिहायचं एवढ्यासाठी की अरुंद झालेल्या श्वासनलिकेत हवा अडकू शकते आणि वर येताना ती फुगते. हा फॉर्म पुण्यातच मागवून घ्या, घरी बसून खरा भरा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे जायला वेळ हाताशी राहील. समुद्रावर ४०० किलोमीटर जाऊन ‘हो’ लिहिणं कठीण जातं, हे मला मान्य आहे.

शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघून शनिवारी सकाळी डाइव्ह, असं ठरवलंय. ठीक आहे ना?

मला हा बेत अजिबात आवडत नाही. रात्रभर गाडीत आखडून, घाटात उलट्या होऊन, तीन तास झोपेवर होडीत बसलेला माणूस भीतीला तोंड द्यायला शिल्लकच नसतो. शुक्रवारी सुट्टी काढा, दिवसा पोहोचा, रात्री झोपा, शनिवारी सकाळी वारा पडलेला असताना डाइव्ह करा.

सकाळी पोहे, इडली, केळं असं हलकं काही खा. रिकाम्या पोटी होडी जास्त लागते. होडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्या, आणि तिने झोप येते का हे पुण्यातच एकदा बघून ठेवा. पाणी भरपूर प्या. आदल्या रात्रीची दारू नको, सकाळची तर नाहीच.

योग्य माणसं कशी ओळखायची?

फोनवर विचारा: एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण? पहिल्या वेळी एकाला एक हवा. आधी कंबरभर पाण्यात सराव घेता का? पाण्यात माझ्याबरोबर असणाऱ्याकडे कोणत्या संस्थेचं कार्ड आहे? त्याचा नंबर दिला तर बहुतेक संस्थांच्या वेबसाइटवर तपासता येतो. होडीवर प्राणवायूचा संच आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडची व्यक्ती गडबडली किंवा हसली, तर पुढचा नंबर लावा. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचं स्वतःचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या किनाऱ्यावर स्थानिक तरुणांचे अनेक गट आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना त्या पाण्याची नस न् नस ठाऊक आहे.

होडीबद्दल लोक विचारत नाहीत, मीच सांगते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. ते पाण्याखाली नव्हते, डाइव्ह संपवून किनाऱ्याकडे येत होते. त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा लाइफ जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे आवळा. होडीत माणसं जास्त वाटली किंवा लाटा वाढलेल्या दिसल्या, तर बसू नका. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. तेव्हा ‘खास तुमच्यासाठी’ कुणी नेतो म्हणाला, तर जाऊ नका.

शार्क?

मालवणच्या उथळ खडकांवर शार्क दिसला तर मला आनंदच होईल, इतका तो दुर्मीळ आहे. काटेरी समुद्री साळू, जेलीफिश आणि खडकासारखे दिसणारे विषारी मासे मात्र खरे आहेत. हात कशालाही लावायचा नाही, पाय तळावर टेकवायचे नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथली प्रवाळं एका फटक्याने मोडतात आणि वाढायला वर्षं घेतात.

व्हिडिओसाठी हातवारे करायला सांगतात, ते करायचे का?

श्वास आणि कान सांभाळून उरलं तर करा. पहिल्या पाच मिनिटांत कॅमेरा नको, असं उतरण्यापूर्वीच सांगा.

खडकवासल्याला किंवा पानशेतला सराव करता येईल का?

नाही. धरणात पोहायलाच मनाई असते, आणि गढूळ पाणी, गाळ, झाडांची बुडालेली खोडं, दरवाज्यांजवळची ओढ यांमुळे तिथे दर वर्षी तरुण मुलांचे जीव जातात. सराव तरण तलावात, शिकवणाऱ्यासोबत.

मुलांना नेता येईल का?

समुद्रात वय १० पूर्ण झाल्यावर. मुलाला स्वतःला जायचं असलं पाहिजे. आई-बाबांना जायचंय म्हणून मुलाने जायचं, असं नको.

डाइव्ह झाल्यावर लगेच पुण्याला निघता येईल?

हा प्रश्न मुंबईकरांना पडत नाही, आपल्याला पडायला हवा, कारण आपलं घर सह्याद्रीच्या वर आहे.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो, त्याला काही तास लागतात. गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी दाबली की आत विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो, कारण दाब एकदम उतरला. शरीरातही दाब फार लवकर उतरला तर नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते, क्वचित हातापायांतलं बळ जातं. हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारी उपकरणं, त्याच विचाराचे वंशज. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून मग वर यायची पद्धतही त्यासाठीच.

पृष्ठभागावर आलात म्हणजे सगळं संपलं असं नाही. उंचावर गेलात की दाब आणखी उतरतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून जास्त किंवा लागोपाठच्या दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास नको. साधारण ६०० मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही हे लागू धरतात. आंबोलीच सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि कोणत्याही घाटाने आलात तरी पुढे साताऱ्याकडून येताना रस्ता पुण्याहून उंच जातो. वाटेत महाबळेश्वरला मुक्काम ठरवला असेल तर ते जवळजवळ १३५० मीटर.

सहा मीटरवर वीस मिनिटं घालवलेल्या माणसाला यातून त्रास होण्याची शक्यता फार कमी, हे खरं. तरी मी माझ्या गटाला थांबवते. शनिवारी सकाळी डाइव्ह, संध्याकाळी किनारा, रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, मग जेवून निघायचं. एक रात्र झोप झालेली असते, चालवणाराही ताजा असतो. रविवारी सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट, असा बेत कुणी आखून दिला तर बदलून घ्या.

घरी पोहोचल्यावर दोन दिवसांत खांदा-कोपर विनाकारण दुखू लागलं, अंगावर चट्टे आले, मुंग्या आल्या किंवा कधी नव्हे असा थकवा आला, तर दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य ‘मी स्कूबा केलंय’ हे बोला. नाहीतर डॉक्टर त्या दुखण्याचा संबंध समुद्राशी जोडणार कसा? उपचार म्हणजे शुद्ध प्राणवायू आणि गरज पडली तर दाबाच्या कक्षातले उपचार. किनाऱ्यावरच त्रास सुरू झाला तर आडवं झोपवा, होडीवरचा प्राणवायू द्या, १०८ ला फोन करा आणि घाट चढू नका. पुन्हा पाण्यात उतरून बरं होईल असं कुणी म्हटलं, तर उतरू नका.

मी होडीतून तशीच परत आले. सगळे उतरले, मी नाही. आता पुन्हा जाऊ का?

हा फोन नेहमी सहलीनंतर चार-पाच दिवसांनी येतो आणि बहुतेक वेळा बोलणारीचा आवाज रडवेला असतो.

तुम्ही त्या दिवशी बरोबर केलंत. नको वाटत असताना ‘नको’ म्हणता येणं, तेही पैसे भरल्यावर, नवरा-मैत्रिणी पाण्यातून हाका मारत असताना, हे मी नवख्यांना शिकवायला धडपडते आणि ते तुम्हाला आलं. पुन्हा जायचंच असं काही नाही. वाटलंच, तर समुद्र लगेच नको. तरण तलावात सगळं सामान घालून, पाय टेकतील अशा पाण्यात दोन-तीन वेळा बसू. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरू, काढू. रेग्युलेटर तोंडातून काढू, पुन्हा लावू. त्या वेळेला कुणी घाई करणार नाही.

माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या, दोन वेळा होडीतून परत फिरलेल्या. पाच महिने दर रविवारी तलावावर आल्या. तिसऱ्या खेपेला मालवणला दोरी धरून उतरल्या, पाच मीटरवर अठरा मिनिटं राहिल्या. सबंध वेळ त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. एका कपारीतून गोबरा मासा तोंड बाहेर काढून बघत होता, त्याच्याकडे त्या कितीतरी वेळ बघत बसल्या आणि मग त्यांनीच शांतपणे अंगठा वर केला. आम्ही वर आलो.